वाचक विचारतात : सरबताच्या दुकानाचा लोगो, पाटी आणि ओला ग्लास

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझ्या मिसेसनी कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ एका गल्लीत 10 बाय 12 चा गाळा घेतलाय. मेन्यू अगदी छोटा ठेवणार आहोत, कोकम सरबत, सोलकढी, पन्हं, पीयूष आणि मठ्ठा, बास. मिसेसचं माहेर मालवणकडचं, कोकमाचं आगळ (म्हणजे कोकमाचा दाट रस) सासूबाई घरी करून पाठवणार, म्हणून दुकानाचं नावच ‘आगळ’ ठेवायचं मनात आहे (ऐकायला आगळंवेगळं पण वाटतं). भाच्याने एआयवर लोगो करून दिलाय, त्यात कोकमाचं फळ, माड, लाट, ग्लास, स्ट्रॉ सगळं आहे आणि दिसतंय भारी, पण ‘आगळ’ मधला ळ काही केल्या नीट येत नाहीये, कधी क सारखा दिसतो कधी छ सारखा. फ्लेक्सवाला म्हणतो बोर्ड माझ्याकडे करा, लोगो फुकट देतो. एका डिझायनरने 12,000 सांगितलेत. एवढ्याशा दुकानाला एवढा खर्च करावा का? आणि केलाच तर त्याच्याकडे नेमकं काय मागायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नमस्कार. पहिल्यांदा हे सांगते की ज्या ळ ने तुम्हाला एवढा त्रास दिलाय ना, तोच तुमचा लोगो आहे. खरंच सांगते. ‘आगळ’ हा शब्द एका कागदावर जाड मार्करने मोठा लिहून भिंतीला लावा आणि चार पावलं मागे येऊन बघा. आ चे दोन उभे दांडे, ग चा काना, म्हणजे तीन उभ्या रेघा एकामागोमाग येतात आणि शेवटी ळ चे ते दोन गोल शिरोरेघेला लटकल्यासारखे येतात. सरळ, सरळ, सरळ आणि मग गोल. फांदीला दोन कोकमं लागावीत तसं ते आपसूकच दिसतं, त्यासाठी वेगळं फळ काढायची गरजच नाही. चांगल्या हाताने ती तीन अक्षरं काढली तर माड, लाट, स्ट्रॉ काही लागणार नाही, उलट ते काढून टाकल्यावरच नाव वाचता येईल.

आपल्याकडे नुसत्या अक्षरावर किती काम होऊ शकतं हे अक्षररचनाकार कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं दाखवलंय, पेपरात नाटकाचं नाव बघूनच कळायचं की हे हसवणारं आहे का गंभीर. चित्र नाही, फोटो नाही, फक्त अक्षर. सरबताच्या दुकानालाही तेच लागू आहे, थंड, आंबटगोड, घरचं, हे सगळं अक्षराच्या जाडीतून आणि वळणातून येऊ शकतं.

आता खर्चाचं. 12,000 मधे तो काय देणार आहे ते आधी विचारा. पाच ऑप्शन, तीन मॉकअप (पाटीवर, पिशवीवर कसं दिसेल त्याची नमुना चित्रं), विझिटिंग कार्ड असलं काही असेल तर ते कमी करायला सांगा आणि त्याऐवजी एकच गोष्ट नीट मागा, ‘आगळ’ ही तीन अक्षरं हाताने काढलेली, फक्त एका रंगात. फॉन्ट टाईप करून त्याला सावली दिलेली नको. एका रंगात जे चांगलं दिसतं ते चार रंगात कधीच वाईट दिसत नाही, उलटं मात्र होत नाही. हे मी स्वतः चूक करून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी पेठेतल्या एका ज्यूसवाल्यांना मी संत्र्याची फोड काढून दिली होती, सात शेडचं ग्रेडियंट, वर पाण्याचे थेंब, लॅपटॉपवर इतकी छान दिसायची की मी रात्री परत परत उघडून बघत होते. मग त्यांनी पार्सलच्या खाकी पिशवीसाठी रबरी शिक्का करायला टाकला आणि शिक्क्यात त्या फोडीचा नुसता काळा गोळा झाला. शेवटी त्यांनी शिक्केवाल्याकडच्या कुठल्यातरी फॉन्टमधे नाव टाईप करून घेतलं. म्हणजे पाटीवर एक, पिशवीवर दुसरं, बिलावर तिसरं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही पण मला ते आजही लागतं, कारण पैसे त्यांचे होते. तेव्हापासून मी पहिल्यांदा काळ्या रंगातच काढते आणि रंगाचं नाव शेवटी घेते.

फ्लेक्सवाल्याचा फुकट लोगो घेऊ नका. तो माणूस वाईट म्हणून नाही, त्याच्याकडे तेवढा वेळच नसतो, त्याच्या कॉम्प्युटरवर तयार ग्लास आणि तयार फळं पडलेली असतात आणि तुमच्याआधी ती चार जणांना दिलेली असतात. आणि भाच्याला वाईट वाटू देऊ नका, त्याने केलेल्यातून तुम्हाला काय नको ते तर कळलं. ही एआयची टूल देवनागरी अक्षर लिहीत नाहीत, अक्षरासारखं दिसणारं चित्र काढतात, त्यामुळे ळ, क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरं बऱ्याचदा बिघडतात. शिवाय ती जी फाइल देतात ती बहुतेक वेळा ठिपक्यांची असते, 8 फुटी बोर्डावर ताणली की फाटते. तुम्हाला लागते ती रेघांची, म्हणजे व्हेक्टर फाइल, जी शिक्क्यापासून शटरपर्यंत कितीही लहानमोठी केली तरी तीच राहते.

आता ग्लासकडे येऊ, कारण तुमचा लोगो लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच बघणार आहेत. पाटी दोन सेकंद दिसते, ग्लास दहा मिनिटं हातात असतो. तुम्ही आरपार दिसणारे प्लॅस्टिकचे ग्लास वापरणार असाल (सरबताचा रंग दिसायला हवा म्हणून बहुतेक जण तेच घेतात) तर हे घरीच करून बघा : ट्रान्स्परंट कागदावर नाव कोकमाच्या रंगात छापा, ग्लासवर चिकटवा आणि आत कोकम सरबत ओता. नाव गायब. मग नाव पांढऱ्या मार्करने लिहा आणि मठ्ठा ओता. परत गायब. सोलकढीत तर दोन्ही अर्धंमुर्धं दिसतं. तुमची पाच पेयं म्हणजे पाच वेगळे बॅकग्राउंड आहेत, लाल, गुलाबी, पिवळसर हिरवं, केशरी आणि पांढरं, आणि या पाचही रंगांवर उठून दिसेल असा एक रंग मला अजून सापडलेला नाही. म्हणून स्टिकरला स्वतःची जमीन हवी. पांढऱ्या किंवा फिक्कट गोलावर गडद अक्षर, म्हणजे मागे काहीही ओतलं तरी नाव तसंच राहतं.

आणि तो स्टिकर साध्या कागदाचा नको. मे महिन्यात थंड ग्लास बाहेर आणला की मिनिटभरात बाहेरून घाम येतो, कागद भिजतो, सुरकुततो आणि गिऱ्हाईकाच्या तळव्याला चिकटून निघून येतो. छापणाऱ्याला पीपीचा (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) वॉटरप्रूफ स्टिकर असं सांगायचं, थोडा महाग पडतो पण टिकतो. थेट छापलेले ग्लास नंतर बघा, त्याला एकदम मोठी ऑर्डर द्यावी लागते आणि पहिल्या सीझनमधे काहीतरी बदलावंसं वाटतंच. ग्लास गोल असल्यामुळे समोरून त्याचा थोडाच भाग दिसतो, लांबलचक नाव असतं तर दोन्ही बाजूला पळालं असतं, तुमचं तीन अक्षरी आहे हे भाग्य. मात्र 3 सेंटिमीटरच्या स्टिकरवर ळ चे गोल आतून बुजतात, शाई भरते आणि ळ चा ठिपका होतो, तेव्हा डिझायनरला आधीच सांगा की गोलांच्या आतली जागा मोकळी ठेव, हवी तर शिरोरेघ थोडी बारीक कर. हेच नाव पुढे मॅपवर, व्हॉट्सॲपच्या डीपीत, ऑर्डरच्या ॲपवर हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गोलात बसायचंय, तिथे पूर्ण शब्द नाही बसला तर नुसता ळ ठेवा. माझ्या मते तो एकटा सुद्धा ओळखू येईल.

रंग मोबाईलवर बघून ठरवू नका. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही, त्यामुळे मोबाईलवर झगमगणारा गुलाबी छपाईत मळकट उतरतो. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर एक ग्लास सरबत ठेवा, आणि व्हिनाईलवाल्याकडचं शेडकार्ड घरी आणून शेजारी लावून बघा. सासूबाईंच्या आगळाचा जो दाट, जवळजवळ जांभळट लाल असतो ना, तो अक्षराला फार सुंदर रंग आहे, पातळ सरबताचा लाल नको, तो इतर सगळ्या ज्यूसवाल्यांसारखा दिसेल. फक्त एक काळजी, फ्लेक्सवर छापलेला लाल-गुलाबी उन्हाने सगळ्यात आधी उडतो, गाळा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर एकदोन उन्हाळ्यांत फिक्का पडलेला दिसेल. पाटीला शक्यतो रंगीत ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं करा. इथे शिरोरेघेचा एक फायदा आहे जो इंग्रजी नावाला मिळत नाही, सगळा शब्द एकाच तुकड्यात कापता येतो, अक्षरं वेगवेगळी बसवायला नकोत, वाकडी होत नाहीत. म्हणून डिझायनरने स्टाईल म्हणून शिरोरेघ तोडली तर विचार करून हो म्हणा.

माझे काका पेंटर होते, नारायण पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीवर सुताने रेघ मारून खडूने नाव काढलं की ते ब्रश हातात घ्यायच्या आधी रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर जायचे आणि नुसते उभे राहायचे. मग परत येऊन एखाद्या अक्षराचा काना बोटाने पुसून अर्धा इंच सरकवायचे. परत पलीकडे. असं तीनचार वेळा. तुम्ही एवढंच करा, नाव ए-फोर कागदांवर तुकड्यातुकड्यात छापून 4 फूट लांबीचं जोडा, शटरला टेपने चिकटवा आणि संध्याकाळी 7 वाजता, गल्लीत गर्दी असताना, समोरून बघा, मग गाडीवरून एक चक्कर मारून बघा. वाचता आलं नाही तर डिझायनरचे उरलेले पैसे द्यायच्या आधी सांगा, तो बदलून देईल.

आता नावाबद्दल, हे जरा महत्त्वाचं आहे. ‘आगळ’ हा तुम्ही विकणार त्याच वस्तूचा शब्द आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 9 प्रमाणे वस्तूचं वर्णन करणारा शब्द सहसा एकट्याच्या नावावर होत नाही, कारण तो सगळ्यांना वापरायचा असतो. पुण्यात ‘अमृततुल्य’ हा शब्द किती चहाच्या पाट्यांवर आहे बघा, आधी-मागे मालकाचं नाहीतर देवाचं नाव लागतं तेव्हा कुठे दुकान कळतं. म्हणून नुसत्या शब्दाच्या भरवशावर राहू नका, अक्षररचनेसकट, म्हणजे ज्या वळणाने काढलंय त्यासकट लोगो म्हणून अर्ज करा, किंवा पुढे अजून एखादा तुमचा शब्द जोडा, गावाचा, घराचा. ट्रेडमार्कच्या अर्जात वस्तू आणि सेवांचे वर्ग असतात, सरबतं वर्ग 32 मधे येतात, मठ्ठ्यासारखी दुधाची पेयं 29 मधे आणि दुकानात बसून प्यायला देणं 43 मधे. तुम्ही वैयक्तिक अर्ज ऑनलाईन केलात तर एका वर्गाला 4,500 रुपये फी आहे, सगळे वर्ग एकदम घ्यायची सक्ती नाही. त्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर हे नाव कुणी घेतलंय का ते फुकट शोधता येतं, ते आज रात्रीच करा. आणि गोलातला आर हे चिन्ह नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे, तोपर्यंत टीएम लिहिलेलं चालतं.

बोर्ड लावायच्या आधी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात (म्हणजे पाट्या-फलकांची परवानगी देणाऱ्या) चौकशी करा. आणि पुढे आगळाच्या बाटल्या भरून विकणार असाल तर लेबलवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) 14 आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, तारीख, किंमत हे सगळं बसवायचंय हे आत्ताच डिझायनरच्या कानावर घाला, नाहीतर तो लोगो इतका पसरवतो की नंतर हे सगळं मुंगीच्या अक्षरात कोंबावं लागतं.

प्रश्न : मी पिंपळे सौदागरला कोल्ड ब्रू कॉफीचा छोटा काउंटर टाकतेय. गिऱ्हाईक सगळं आयटीतलं, बरंचसं अमराठी, त्यामुळे लोगो इंग्लिशमधेच केलाय, कप आणि त्यातून निघणारी वाफ असा. आता शेजारचे म्हणतात पाटी मराठीत पाहिजे. दोन जणांचा काउंटर आहे, मला पण लागू होतं का हे? आणि लोगो परत करायचा का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : लागू होतं. आधी 10 पेक्षा कमी कामगार असलेल्यांना सूट होती, 2022 मधे दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती गेली. नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नाही असं असायला हवं. दुकानदार सुप्रीम कोर्टात गेले होते, कोर्टाने 2023 च्या सप्टेंबरमधे दोन महिन्यात पाट्या करून घ्या असं सांगितलं.

पण मी म्हणेन की कायदा बाजूला ठेवला तरी हे मनापासून करा. होतं काय, इंग्लिश नाव छान काढलेलं असतं आणि मराठी नाव शेवटच्या दिवशी कुठल्याही फॉन्टमधे टाईप करून वर चिकटवलेलं असतं, आणि मग लोक म्हणतात देवनागरी चांगली दिसत नाही. दोन्ही एकाच हाताने, एकत्र काढून घ्या. एकाच पॉइंट साइझला देवनागरी बारीक दिसते कारण वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते, म्हणून आकडा सारखा ठेवू नका, अक्षराचं अंग मोजा. तुमचा ‘कोल्ड ब्रू’ तर परीक्षाच आहे, को ची मात्रा वर, ल्ड चं जोडाक्षर मधे आणि ब्रू चा र आणि ऊकार दोन्ही खाली. चुकीची सेटिंग असलेल्या सॉफ्टवेअरमधे पेस्ट केलं की ‘कोल् ड’ असं तुटतं आणि बोर्डवाल्याला ते कळतही नाही, मी शहरात फिरताना असे तुटलेले बोर्ड बघते आणि फार वाईट वाटतं. ल मराठी वळणाचा घ्या, बऱ्याच फॉन्टमधे आधी हिंदी वळणाचा येतो, भाषा मराठी निवडली की बदलतो, ज्यात सोय असेल त्यात. हाताने काढून घ्यायला बजेट नसेल तर मुक्त किंवा बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्याला वापरायची परवानगी आहे. श्रीखंड नावाचा एक फॉन्ट बरेच जण नाव बघून मागतात, त्यात गुजराती आणि इंग्लिश आहे, देवनागरी नाही.

आणि ती वाफ काढून टाका हो. कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीची पूड गार पाण्यात 12 तास, कधी त्याहून जास्त भिजवून ठेवायची, त्यात वाफेचा संबंधच नाही. पहिल्यांदा येणारा माणूस वाफ बघून गरम कॉफी मागेल आणि तुम्हाला दिवसभर समजावत बसावं लागेल. उलट ते रात्रभर थांबणं हीच तुमची खासियत आहे, ती दाखवता आली तर बघा.

प्रश्न : आमच्या उसाच्या रसाच्या दुकानाचा लोगो एका ओळखीच्या मुलाने केला, पैसे पूर्ण दिले, पण आता ओपन फाइल (बदल करता येतात ती मूळ फाइल) मागितली तर देत नाही, म्हणतो तुम्हाला जेपीजी दिलाय ना. लोगो आमचा का त्याचा?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पैसे दिले म्हणजे हक्क आले असं बहुतेकांना वाटतं, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात बाहेरून काम करणाऱ्याने काढलेल्या लोगोचा हक्क, लेखी लिहून दिलेला नसेल तर, साधारण त्याच्याकडेच राहतो. तो पगारी नोकर असता तर गोष्ट वेगळी होती. त्यामुळे भांडू नका, त्याला भेटा. एका कागदावर लिहून घ्या की या लोगोचे सगळे हक्क इतक्या रकमेच्या बदल्यात तुम्हाला दिले, कायमचे, आणि सगळ्या ठिकाणी वापरायला, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. ‘कायमचे’ लिहायला विसरू नका, कारण मुदत लिहिली नाही तर कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओपन फाइलसाठी तो थोडे जास्त मागत असेल तर द्या, जमेल तेवढे, नवा लोगो आणि नवी पाटी त्याहून महाग पडेल. फाइल हातात आली की एखाद्या छपाईवाल्याकडे कोरलमधे (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडून अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी रेघांमधे बदललेली, आहेत का ते तिथेच उभं राहून बघा, नसतील तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून उघडेल. मग पेनड्राइव्हवर एक आणि स्वतःच्या मेलवर एक अशा दोन कॉपी ठेवा.